घरी काटा सरळ

सकाळी सव्वासहाला काटेवाल्याने बागेच्या फाटकाबाहेर वजनकाटा मांडला आणि खालची दातेरी चकती नखाने फिरवून काटा शून्याच्या दोन किलो मागे नेला.

कोणी पाहत नव्हतं. पाहिलं असतं तरी माणूस काटा जुळवतोय, एवढंच वाटलं असतं. त्याने काच पुसली, पुसायचं फडकं काचेवरच पसरून ठेवलं, शेजारी पत्र्याचा डबा ठेवला आणि डब्यात स्वतःच्या खिशातलं एक नाणं टाकलं. डबा अगदी रिकामा दिसला की पहिलं गिऱ्हाईक बिचकतं. मग तो घडीच्या स्टुलावर बसला.

पहिल्या आल्या त्या बँकेतल्या बाई. त्या रोज बागेला चार फेऱ्या मारत आणि फेऱ्यांआधी वजन करत. फेऱ्यांनंतर केलं तर घामाचं वजन धरलं जातं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"काटेवाले, आज खरं काय ते सांगून टाका. काल भाचीकडे जेवायला होते."

"मी कोण सांगणारा? तो सांगेल. चपला काढा."

"चपलांचं असं किती वजन असतं हो?"

"कालच्या जेवणापेक्षा कमीच असेल."

बाई हसत हसत वर उभ्या राहिल्या. त्या नीट उभ्या राहीपर्यंत तो थांबला, मग त्याने फडकं एका झटक्यात उचललं. रिकामा काटा शून्यावर नाही हे कोणाला दिसू नये, यासाठी ते फडकं होतं. पण गिऱ्हाइकांना त्यात गंमत वाटे.

"अय्या! एवढं जेवूनसुद्धा वाढले नाही? घरच्या काट्यावर तर केवढं दाखवत होतं!"

"घरचा काटा भिंतीशी ठेवला असेल. भिंतीशी फरशी सरळ नसते."

हे वाक्य तो इतक्यांदा बोलला होता की आता त्याचं त्यालाच खरं वाटू लागलं होतं. बाईंनी डब्यात एकाऐवजी दोन नाणी टाकली आणि त्या झपाझप फेऱ्यांना निघून गेल्या.

बागेत येणाऱ्यांना हलकं व्हायचं होतं. दहा वाजता बाग ओस पडली की काटेवाला काटा काखोटीला मारून बसने मोठ्या इस्पितळाच्या फाटकाशी जाई. तिथे काट्यावर उभं राहणाऱ्यांना जड व्हायचं होतं. त्यामुळे वाटेत, बसथांब्याच्या बाकावर बसून, तो चकती उलटी फिरवी आणि काटा शून्याच्या दोन किलो पुढे आणून ठेवी. सकाळी मागे, दुपारी पुढे. सुरुवातीचा महिनाभर त्याने काटा सरळ ठेवून पाहिला होता. तेव्हा रोज कोणी ना कोणी भांडायचं, पुन्हा फिरकायचं नाही, आणि संध्याकाळी डब्यात बसभाड्यापुरतीही चिल्लर नसायची. लोक वजनासाठी नाणं टाकत नाहीत, बऱ्या बातमीसाठी टाकतात, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. यात लबाडी आहे हे त्याला कळत होतं. फक्त ती कोणाच्या खिशाला फारशी लागत नाही, असं तो मनाशी म्हणे.

हा त्याचा पहिला उद्योग नव्हता. त्याचा जन्म बिस्किटाच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात गेला होता. तिथे यंत्र आलं आणि खात्यातल्या सगळ्यांचा हिशोब करून त्यांना घरी पाठवलं. महिन्याला थोडं पेन्शन येई. त्यात घरभाडं आणि वीज भागे. मग त्याने कागदी पिशव्या केल्या, त्या पावसात भिजल्या. पत्र्याच्या डब्यांत फुलझाडं लावून विकली. लोक डब्याचे पैसे द्यायला तयार नव्हते. छत्र्या दुरुस्त केल्या, पण दुरुस्त केलेली छत्री न्यायला निम्मे लोक आलेच नाहीत. त्या छत्र्या अजून पलंगाखाली होत्या. काटा मात्र टिकला. त्यात भांडवल अडकत नव्हतं, माल नासत नव्हता आणि संध्याकाळी उरलेलं काही घरी न्यावं लागत नव्हतं. काटाही फुकटचा होता. बिस्किटाचा पुडा नुसता हातात घेऊन हा त्याचं वजन सांगतो, म्हणून निरोपाच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी थट्टेने त्याला तो भेट दिला होता. "आता स्वतःला तोल," असं कोणी तरी म्हणालं होतं आणि सगळे हसले होते.

घरी मात्र काटा सरळ असे. तसा तो ठेवायला कारण होतं.

बायकोच्या पोटात गाठ होती. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन फुकट होणार होतं, डॉक्टर चांगले होते, नंबरही लागला होता. फक्त तिचं वजन सदतीसवर आलं होतं. "चाळीस भरल्याशिवाय भूल देणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. "ऑपरेशन आम्ही करू. चाळीस तुम्ही करा." आणि त्यांनी कागदावर दूध, अंडी, खजूर आणि ताकदीच्या पावडरीचा डबा लिहून दिला होता. त्यातलं फुकट काहीच नव्हतं. ते सगळं पत्र्याच्या डब्यातल्या नाण्यांतून येई.

डबा घरी आला की त्याचा ताबा बायकोकडे. ती नाणी धुऊन फडक्यावर वाळत घाली आणि जुन्या कॅलेंडरच्या कागदात त्यांच्या नळकांड्या वळी. नळकांडी इतकी घट्ट की जमिनीवर आपटली तरी सुटायची नाही. चौकातल्या दूधवाल्याला सुट्ट्या पैशांची कायम चणचण; तो नळकांडी न मोजता घेई, नोट देई आणि वर एक अंडं देई. ते वरचं अंडं ही बायकोची कमाई. तिने घासाघीस करून ठरवलेली.

"तुम्ही दिवसभर उन्हात बसून नाणी आणता," ती म्हणे, "आणि मी पलंगावर बसून अंडी घालते."

दर रविवारी सकाळी तो काटा खोलीच्या मध्यभागी ठेवी, चकती फिरवून सरळ करी, आणि त्यावर मिठाचा न फोडलेला एक किलोचा पुडा ठेवून पाही. काटा बरोबर एकवर आला की मग तिला हाक मारी.

"तुमच्या गिऱ्हाइकांना देता तसे दोन किलो मलाही वाढवून द्या की."

"घरात काटा सरळ."

"बाहेरच्यांवर एवढी माया, आणि घरच्यांना मीठ लावून ताडून बघता!"

पहिले तीन रविवार काटा हलला नाही. सदतीस म्हणजे सदतीस. तिसऱ्या रविवारी तो जेवलाच नाही. मग म्हणाला, "संध्याकाळी बस डेपोवरही बसतो. आणखी एक डबा आणायला हवा पावडरीचा." ती नको नको म्हणत असताना तो सोमवारी डेपोवर गेला. घरी आला तेव्हा त्याच्या घोट्यांवर चपलांच्या पट्ट्यांचे वळ उठले होते आणि बूट घालायचे म्हटलं असतं तर पाय आत शिरला नसता.

चौथ्या रविवारी काटा अर्ध्या किलोने पुढे गेला. पाचव्या रविवारी आणखी. त्यानंतर तो थांबलाच नाही. प्रत्येक वेळी काटेवाला मिठाचा पुडा पुन्हा ठेवून पाही, पुन्हा तिला उभी करी आणि मग खोलीत येरझाऱ्या घालत बोलत सुटे. अंड्याचा गुण, पावडरीचा गुण, खजूर काय चीज आहे बघ. त्या रात्री त्याला शांत झोप लागे.

ज्या रविवारी काटा चाळीसच्या वर गेला, त्या रविवारी तो खाली बसला आणि काचेला नाक लावून पाहिलं.

"चाळीस! अगं, वरच आहे थोडं!"

"उतरू का?" ती म्हणाली. "थंडी वाजतेय."

ती गाऊनवर स्वेटर घालून उभी होती. दोन्ही हात तिने पोटाशी धरले होते.

सोमवारी सकाळी नऊ वाजता दोघं इस्पितळात पोहोचली. काटेवाल्याने त्या दिवशी बाग बुडवली. तपासणीच्या खोलीबाहेर सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी बायकोच्या हातात निळा झगा आणि एक प्लास्टिकची पिशवी दिली.

"अंगावरचं सगळं काढा, हा घाला. कपडे पिशवीत."

"आहे त्यावरच घ्या ना हो, सिस्टर. मला गारठा सोसत नाही."

"सगळ्यांचं झग्यावरच घेतात. दोन मिनिटांचं काम आहे, आजी."

बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. तो हसून मान हलवत होता. जा, घाबरायचं काय त्यात. ती आत गेली. दार पूर्ण लागलं नव्हतं. आतून सिस्टरचा आवाज आला, त्या कोणाला तरी लिहून घ्यायला सांगत होत्या.

"अडतीस."

काटेवाला उठून दाराशी गेला.

"सिस्टर, चाळीस. चाळीसच्या वर आहे. कालच केलंय."

"अडतीस आहे, बाबा."

"तुमचा काटा बघा जरा. भिंतीशी ठेवलाय. भिंतीशी फरशी सरळ नसते." हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं, पण आता थांबणं शक्य नव्हतं. "माझा धंदाच आहे तो. मी मीठ ठेवून बघतो आधी. माझा काटा चुकायचा नाही."

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी बायकोला खाली उतरवलं आणि स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या. "हे बघा, चौसष्ट. रोज चौसष्टच असते, कितीही उपाशी राहिले तरी." मग त्यांनी कपड्यांची पिशवी त्याच्याकडे दिली. "धरा ही. डॉक्टर तपासतील तोवर बाहेर बसा."

त्याने पिशवी हातात घेतली.

एक गाऊन, एक स्वेटर, आतले कपडे. पॅकिंग खात्यात जन्म काढलेल्या हाताला तेवढ्याचा अंदाज लागायला वेळ लागत नाही. पिशवी त्याहून जड होती. दोन किलोंनी जड, वर थोडं. त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग बाकावर बसून मांडीवर ठेवली आणि बाहेरूनच चाचपली. कापडी पट्टा होता, कमरेला बांधायचा, आणि पट्ट्यात एकाला एक लावून कॅलेंडरच्या कागदाच्या नळकांड्या.

तो पिशवीवर हात ठेवून बसून राहिला. शेजारच्या माणसाने किती वाजले विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. नंबर पुढे ढकलतो, म्हणाले. एक महिना. "त्याच्यापुढे मला ढकलता येणार नाही. माझ्या हातात असतं तरी गाठ थांबणार नाही. एक किलो वाढलंय, ते काही वाईट नाही. आणखी दोन हवेत."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. पट्टा आता पिशवीतच होता आणि पिशवी त्याच्या मांडीवर. दोन थांबे गेले.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तुम्ही डेपोवर जायला लागलात त्या आठवड्यापासून."

"मला काय खुळा समजलीस?"

"तुमच्या पायांकडे बघवत नव्हतं. म्हटलं, वजन वाढलं की डेपो सोडाल."

"मग सोडला का?"

"कुठे सोडलात? वाढतंय म्हटल्यावर तुम्हाला दुप्पट जोर चढला. मग मागे कसं येऊ? एका रविवारी एकदम उतरलं असतं तर तुम्ही हाय खाल्ली असती. दर रविवारी एक नळकांडी वाढवत गेले."

"आणि आज? आज काय करणार होतीस?"

"ते कपड्यांवर वजन घेतील असं वाटलं होतं." ती बाहेर बघत होती. "तुम्हीच सांगायचात ना, इस्पितळाच्या फाटकाशी येणारा तो रंगारी अर्धा किलो वाढला म्हणून त्या रात्री झोपला. म्हटलं, तुम्हालाही झोप लागेल."

"लागली होती."

"ठाऊक आहे. घोरत होता."

त्याला हसू आलं आणि ते त्याने कडेला तोंड करून दाबलं. उतरायचा थांबा आला तेव्हा पिशवी उचलून तो म्हणाला, "खरं वाढलंय एक किलो. ते तुझं आहे. त्यात नाणं नाही."

"मग आता?"

"आता दोन हवेत. खरे."

मंगळवारी सकाळी सव्वासहाला त्याने फाटकाबाहेर काटा मांडला, मिठाचा पुडा ठेवून पाहिला आणि चकतीला हात लावला नाही. फडकं खिशातच राहिलं.

"हे काय!" बँकेतल्या बाई काट्यावरून ओरडल्या. "काटेवाले, तुमचं यंत्र बिघडलंय."

"बिघडलेलं होतं, बाई. आज नीट झालंय."

"म्हणजे आजवर मला जे सांगत होतात ते?"

"दोन किलो कमी सांगत होतो."

बाईंनी चपला घातल्या. "माझी सगळी नाणी परत मागायला हवीत तुमच्याकडून!"

त्याने डबा उचलून त्यांच्यापुढे धरला. त्यात त्याचं स्वतःचं एकच नाणं होतं. बाईंनी डब्यात पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि "निर्लज्ज!" म्हणून फेऱ्यांना गेल्या. त्या आठवड्यात त्या फाटकाच्या दुसऱ्या बाजूने आत जाऊ लागल्या, आणि त्यांच्या मागोमाग आणखी बरेच जण.

बागेतल्या शिव्या त्याने मोजल्या नाहीत. त्याला धास्ती होती ती दुपारची. इस्पितळाच्या फाटकाशी दर बुधवारी तो रंगारी येई. वर्षभर छातीच्या आजाराने झिजलेला, नखांच्या कडांना अजून पांढरा रंग असलेला. औषध घेऊन बाहेर पडला की आधी काट्यावर चढे. या बुधवारीही चढला, आणि खाली वाकून आकडा दोनदा वाचला.

"उतरलं माझं," तो म्हणाला. "एवढं कसं उतरलं? औषध तर घेतोय मी."

"उतरलेलं नाही. आधी मी जास्त दाखवत होतो. सगळ्यांनाच."

"का?"

"बरं वाटायचं लोकांना."

रंगारी काट्यावरून उतरला नाही. "म्हणजे मी वाढलोच नाही? घरी सांगून बसलोय सगळ्यांना. पोरीने चिठ्ठी लावून ठेवलीय भिंतीवर."

"वाढलात. पहिल्या दिवशीचं मला आठवतं. दोन तेव्हाही वर होते, गेल्या बुधवारीही वर होते. दोन्हींतून दोन काढा. अर्धा किलो वाढलात, आणि तो अर्धा तुमचा स्वतःचा आहे."

रंगाऱ्याने बोटांवर काहीतरी हिशोब केला. मग डब्यात नाणं न टाकता निघून गेला. चार पावलांवर थांबला, माघारी आला आणि म्हणाला, "पुढच्या बुधवारी येईन. तेव्हा असाच ठेवलेला असू दे." नाणं त्याने तेव्हाही टाकलं नाही.

आठवड्याच्या शेवटी नळकांड्या निम्म्याने कमी झाल्या. बायकोने पट्ट्यातल्या नळकांड्या काढून दूधवाल्याकडे धाडल्या. त्यांची अंडी आली, पावडरीचा एक डबा आला. पण ते किती पुरणार?

तोड निघाली ती डेपोवर, आणि तीही त्याने शोधलेली नव्हती. डेपोत पार्सलची खिडकी होती. तिथे वजनावर पैसे आणि ठरलेल्या वजनाच्या वर गेलं की दुप्पट. लोक लांबलचक रांगेत उभे राहत, खिडकीशी पोहोचल्यावर बोचकं जास्त भरे, मग तिथेच दोऱ्या सोडून सामान उपसत बसत आणि मागची रांग ओरडे. एका संध्याकाळी एक बाई दोन बोचकी घेऊन त्याच्यापुढे आली.

"माणसांचंच करता का सामानाचंही?"

"माणसांपेक्षा सामान बरं. भांडत नाही."

"पण बरोबर सांगाल ना? खिडकीवर वेगळं निघालं तर माझी फजिती व्हायची."

त्याने मिठाचा पुडा काढून काट्यावर ठेवला. बाईने वाकून पाहिलं आणि मगच बोचकी ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने आणखी दोघांना धाडलं. आठवड्याभरात त्याच्यापुढे छोटी रांग लागू लागली. सामान जास्त भरलं की काय काढायचं तेही तो सांगे. हातात घेऊनच सांगे; "ही चादर काढा, बूट राहू द्या." चादरी काढून झाल्यावर बोचकं पुन्हा बांधायला दोरी लागे, म्हणून बायकोने पलंगाखालच्या छत्र्या उसवल्या आणि त्यांच्या कापडाच्या लांब पट्ट्या पिळून दोऱ्या केल्या. दोरीचं वेगळं नाणं. न्यायला कोणी न आलेल्या छत्र्या अशा कामाला आल्या.

डेपो मात्र तिने एका अटीवर चालू दिला. तो स्टुलावरून उठायचा नाही. बोचकी लोकांनी उचलून ठेवायची. त्याची अट उलटी होती. सकाळी निघण्यापूर्वी दोन अंडी, आणि ती त्याच्यासमोर.

"एक आत्ता खाते, एक तुम्ही गेल्यावर."

"गेल्यावरचं मला दिसत नाही."

"म्हणजे आता माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. अंड्यावर नाही. ते गेल्यावर पळून जातं."

ती एकेक घास घशाखाली ढकलत खाई. कधी कधी निम्म्यावर उमळून येई. मग ती डोळे मिटून बसे, पाण्याचा घोट घेई आणि उरलेलं पुन्हा उचले. तो दाराशी चप्पल घालून, काटा काखेत धरून उभा राही. तिने रिकामी ताटली उलटी करून दाखवली की जिना उतरे.

महिना संपायच्या आदल्या दिवशी रविवार होता. त्याने खोलीच्या मध्यभागी काटा ठेवला आणि मिठाचा पुडा ठेवला. काटा एकवर आला. बायको पातळ गाऊन घालून आली. स्वेटर नव्हता. काट्यावर चढण्यापूर्वी तिने गाऊनचे दोन्ही खिसे उलटे काढून दाखवले, हात वर केले आणि गोल फिरली.

"झडती घ्यायची असेल तर घ्या."

"चढ आता."

ती चढली. तो खाली बसला. खिडकीतून ऊन काचेवर पडत होतं, म्हणून त्याने हाताने आडोसा केला.

"चाळीस?" तिने विचारलं.

"नाही."

"किती कमी?"

"थोडंच. एकोणचाळीसच्या पुढे गेलंय. बरंच पुढे." त्याने पुन्हा पाहिलं. "पण चाळीस नाही."

ती तशीच उभी राहिली, जणू उभं राहून आणखी थोडं भरेल. मग म्हणाली, "उद्या निघताना दूध पिऊन जाते. मोठे दोन पेले."

"ती पण नाणीच झाली. पोटात घालून नेलेली."

"नाणी काढून ठेवता येतात. दूध थोडंच सिस्टर काढून ठेवायला सांगतील?"

त्याने यावर बराच विचार केला. काटा उचलला, पुसला, जागेवर ठेवला. मग घरात होती ती शेवटची नळकांडी उचलून तो चौकात गेला. दूधवाल्याने ती न मोजता गल्ल्यात टाकली, एक लिटर दूध दिलं आणि सवयीने वर एक अंडं ठेवलं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता त्याच सिस्टर दारात होत्या. त्यांनी बायकोच्या हातात निळा झगा आणि प्लास्टिकची पिशवी दिली. या वेळी तिने थंडीचं नाव काढलं नाही.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि एका हाताने पिशवी बाहेर आली. काटेवाल्याने ती घेतली. एका हातात धरून पाहिली, मग दुसऱ्या हातात. गाऊन, आतले कपडे. तेवढंच. पिशवी इतकी हलकी होती की दाराच्या फटीतून आलेल्या पंख्याच्या वाऱ्यानेही ती फडफडली.

तो उभाच होता. आत काट्यावर पाय ठेवल्याचा आवाज झाला. सिस्टरनी अजून आकडा सांगितला नव्हता.